आईच्या कमरेबद्दल, तुम्हा दोघांना

प्रिय आई-बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबा स्पीकर लावतात, आई मागून "मी बरी आहे गं" म्हणून ओरडते आणि गाडी भाताच्या लावणीवर जाते, म्हणून शेवटी लिहायलाच बसले. लांबलचक होणार आहे. बाबा, चष्मा लावून आईला सगळं वाचून दाखवा, मधलं गाळू नका, तुमच्याबद्दल पण आहे त्यात.

आधी आईचं. आई, तुझी कंबर दुखते हे खरंय, आणि हे तुला कुणीतरी स्वच्छ सांगायला हवं होतं. काकी म्हणते बसून बसून दुखतं, शेजारची म्हणते आम्हाला पण दुखतं बाई पण आम्ही बोलत नाही, आणि हे ऐकून ऐकून तुला वाटायला लागलंय की लोकांना तुझं नाटक वाटतं. खाटेवरून उठताना तू आधी कुशीवर वळतेस, मग कपाटाची कडी धरतेस, मग श्वास रोखून एकदम उभी राहतेस आणि लगेच इकडेतिकडे बघतेस, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून. मी पाहिलंय. तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या कंबरदुखीला डॉक्टर जुनाट म्हणतात, तुझी तर त्याच्या कुठल्या कुठे पुढे गेली. आणि तू एकटी नाहीस, 2020 साली जगात जवळपास 62 कोटी लोकांना कंबरदुखी होती, त्यात बायका जास्त, आणि जगभर माणसं ज्या दुखण्यांपायी सगळ्यात जास्त वर्षं अडून बसतात त्यात कंबरदुखी पहिल्या नंबरला आहे. तेव्हा "बायकांचं दुखायचंच" हे घरात पुन्हा कुणी बोललं तर माझ्याशी गाठ आहे.

आता बाबा, ती एमआरआयची फिल्म. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला खिडकीच्या उजेडात धरून दाखवता ना, एल फोर एल फाईव्हची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी गेली, मणके झिजले, आणि आई बाजूला बसून ऐकत असते. बंद करा ते. खरंच सांगते, कपाटाच्या मागे टाकून द्या ती. 2015 मध्ये एक मोठा आढावा छापून आला होता, ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांवर लोकांचे स्कॅन बघितलेले, तर साठीच्या लोकांपैकी 88 टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या होत्या आणि 69 टक्क्यांच्या फुगलेल्या होत्या. दुखत काहीच नव्हतं! वय झालं की केस पिकतात तशी गादी पण पिकते एवढंच. दहातल्या नऊ जणांच्या कंबरदुखीत बोट ठेवता येईल असं एक कारण सापडतच नाही. पण "मणके झिजले" हे रोज कानावर पडलं की माणूस वाकायला घाबरतो, उचलायला घाबरतो, हळूहळू चालायला पण घाबरतो, आणि मग पाठीलगतचे स्नायू खरंच बारीक होतात आणि जरा काही केलं की आणखी दुखतं. हे चक्र आईचं चालू झालंय.

मग गादीचं एवढं काही नाही तर दुखतं का इतकं? हे मला इथल्या फिजिओ मॅडमनी नीट समजावलं. आपल्या वाडीत बिबट्या येऊन गेला त्यानंतर तुमचा मोती कसा झालाय, पान हललं तरी रात्रभर भुंकतो. भुंकणं खरंच असतं, झोप पण खरीच जाते आपली, पण दर वेळी बिबट्या नसतो. दुखणं खूप दिवस राहिलं की मज्जारज्जू आणि मेंदू असेच तिखट होतात, साध्या वाकण्यालासुद्धा धोका समजून बोंब मारतात. त्यात झोप नाही झाली, काळजी असली, मन खाली असलं की आवाज अजून वाढतो. मनातलं दुखणं आणि कमरेतलं दुखणं अशी दोन खाती नसतात आई, एकाच वायरीवर चालतं सगळं. म्हणून कुणी मनाबद्दल बोललं की "मी काय वेडी आहे का" म्हणू नकोस.

कारण तुझं मन खाली आहे हे मला दिसतंय. भजनाला जाणं सोडलंस, खाली बसता येत नाही म्हणून. हळदीकुंकवाला गेली नाहीस. पहाटे तीनला जागी असतेस हे तुझ्या व्हॉट्सॅपवरून कळतं मला. आणि गेल्या गणपतीत बाबांनी मोदक बाहेरून ऑर्डर केले तेव्हा तू माजघरात तोंड फिरवून रडत होतीस, ते मोदकांसाठी नव्हतं, आता माझी गरज नाही असं वाटलं म्हणून होतं. बरोबर ना?

बाबा, रागावू नका, पण इथे तुमचं येतं. तुम्ही तिला जपता, पाणी हातात आणून देता, विळीवर बसू देत नाही, तिने टोप उचलला की धावत जाता, "तू काही करू नकोस, पडून राहा". प्रेमानेच करता, मला ठाऊक आहे, आणि आपल्या वाडीत किती नवरे हे करतात ते पण ठाऊक आहे. पण घरचं माणूस फार जपायला लागलं की दुखणाऱ्याची हालचाल कमी होत जाते आणि अडून बसणं वाढतं, हे जुनाट दुखण्यावर काम करणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा बघितलंय. तिची कामं तिला परत द्या. नारळ खवायला खाली खवणीवर नको, ओट्याला लावायची खवणी मिळते ती मी आणते. भाजी टेबलावर चिरेल. मोदक खुर्चीवर बसून करेल, मधे मधे उठेल, दोन फेऱ्या मारेल, परत बसेल, एकवीसच्या जागी अकरा झाले तर बाप्पा काही मोजत नाही.

आणि आई, तुझी पण एक खोड आहे. जरा बरं वाटलं की सगळ्या गोधड्या काढून धुवायच्या आणि मग दोन दिवस आडवं. असं नको. वाईट दिवशी सुद्धा जमेल एवढंच चालायचं, म्हणजे तुझ्या बाबतीत आंब्यापर्यंत, आणि ते रोज, मग आठवड्या-आठवड्याने थोडं थोडं वाढवत देवळापर्यंत. चालताना दुखेल थोडं. दुखलं म्हणजे काही तुटलं असं नाही.

तो कमरेला बांधायचा पट्टा खिळ्यालाच राहू दे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी सूचना काढल्या, त्यात पट्टा नको, वजनं लावून कंबर ताणणं नको असंच लिहिलंय, आणि व्यायाम, दुखणं समजावून सांगणं, मनाचे उपचार हे हवं म्हटलंय. निर्गुडीच्या पाल्याचा शेक तुला बरा वाटतो तर घे की, त्याने नुकसान नाही, फक्त शेक घेऊन पडून राहू नकोस, घे आणि चाल. फार उदास वाटलं किंवा नुसतं बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस म्हणून सेवा आहे, 14416, फुकट आहे, मराठीत बोलतात. बाबांना बाहेर पाठव आणि बोल.

बाबा, एवढं मात्र तुमच्या डायरीत लिहून ठेवा. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, संडासवर ताबा राहिला नाही, बसायच्या जागी बधिर वाटलं, पायातली ताकद गेली, यातलं काहीही झालं तर माझ्या फोनची वाट बघायची नाही, रिक्षा करून सरळ मोठ्या हॉस्पिटलला. ताप येऊन कंबर दुखली, वजन आपोआप उतरायला लागलं किंवा पडल्यावर एकदम जोरात दुखायला लागलं तर त्या दिवशीच डॉक्टर. मागच्या तपासणीत यातलं काही नव्हतं, म्हणून तर मी व्यायामाचं एवढ्या जोरात बोलतेय.

राहिल्या गोळ्या. मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणता त्या मला आवडलेल्या नाहीत. या दुखण्याच्या गोळ्या महिनोन् महिने घेतल्या की पोटात अल्सर होऊ शकतो, किडनीवर येऊ शकतं, बीपी वाढू शकतं, आणि आईला बीपी आहेच. एकदम बंद करा असं मी सांगत नाही, शनिवारी मी येते तेव्हा डॉक्टरांकडे जाऊन ठरवू. तोवर आई सध्या घेते त्या सगळ्या पाकिटांचे फोटो पाठवा, बीपीच्या पण, दोन्ही बाजूंनी, नाव वाचता येईल असे. मागच्या वेळी बाबांनी नुसता स्वतःचा अंगठा पाठवला होता.

तुमची,
ताई