जॅक घेण्याआधी हे वाच

नाशिक

प्रिय संज्या,

दोन टनांचा बॉटल जॅक घेऊ का, असा विचारणारा तुझा मेसेज मिळाला. फोनवर निम्मं राहून जाईल, म्हणून सविस्तर लिहितो. तुझ्या इंटरसेप्टर मोटरसायकलचा कोनसेट (हँडल ज्या बेअरिंगांवर फिरतं ते) घरीच बघायचा म्हणतोस, हौस दांडगी आहे तुझी!

तुझ्या गाडीला डबल स्टँड आहे, त्यामुळे चेन साफ करायला किंवा मागचं चाक काढायला जॅक लागतच नाही. अडतं ते पुढच्या चाकापाशी. गाडी डबल स्टँडवर घ्यायची आणि इंजिनाच्या पुढच्या अंगाला खालून थोडी उचल द्यायची, एवढंच काम. त्याला दोन टनांचा बॉटल जॅक कशाला? गाडी 200 किलोच्या थोडी वर. त्या जॅकचं डोकं एवढंसं, त्यावर गाडी डावी-उजवीकडे डुलायला मोकळी. शिवाय मिटलेला असतानाच तो उंच असतो, गाडीखाली सरकला तर नशीब. ट्रॉली जॅकही नको. त्याचं डोकं सरळ वर न जाता कमानीत जातं, आणि त्याची चाकं कुठे अडली की तो गाडीलाच ओढतो.

तू रुंद पाट्याचा, वर रबर असलेला कात्री जॅक घे. 500 किलोचा भरपूर झाला. दुकानात टन विचारू नकोस, मिटल्यावर उंची किती ते विचार आणि पाटा हाताने हलवून बघ. खिळखिळला तर परत ठेव. स्क्रूचा असला की हँडल सोडलं तरी आहे तिथेच थांबतो. सुरुवातीचे फेरे जड जातात, पुढे हलका होतो. कात्रीचं तसंच असतं, बिघाड समजू नकोस. हायड्रॉलिकच हवा असेल तर लोखंडी लॉकवाला घे, कारण सील झिजलं की तो हळूहळू बसतो.

तुमच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत ना? खाली जाड प्लायवूड टाक. आडवा पडून बघ, भार फ्रेमच्या नळ्यांवरच यायला हवा, इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरवर नाही. गरज पडली तर नळ्यांखाली लाकडाच्या पट्ट्या दे. डबल स्टँडचा पाय पट्ट्याने फ्रेमच्या पुढच्या नळीला आवळून बांध, नाहीतर गाडी जरा पुढे सरकली की स्टँड मिटलाच. चाक काढायचं असेल तर अ‍ॅक्सलचा नट चाक जमिनीवर असतानाच ढिला कर.

चाक हवेत गेलं की फोर्क खालून दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलव. हाताला 'खट्' लागलं तर कोनसेट ढिला. गाडीचं हँडल फिरवताना मधोमध खाचेत बसल्यासारखं थबकलं तर बेअरिंगच्या वाट्या गेल्या. मग घरी ठोकत बसू नकोस, सरळ मेकॅनिककडे ने.

रविवारी करणार असशील तर आधी कळव, मीच येतो. गाडी धरायला दुसरा माणूस लागतोच, आणि वहिनींना त्या कामाला लावलंस तर तुझं काही खरं नाही.

तुझा,
नंदू