वृद्धाश्रमातल्या मावशींना त्यांचीच वही वाचायला शिकवण्यासाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार,

मिरज आणि आसपासच्या वृद्धाश्रमांत आजी-आजोबांची सेवा करणाऱ्या मावशी आणि सेवकांसाठी आमचा ज्येष्ठ नागरिक संघ एक प्रशिक्षण सुरू करत आहे. त्यासाठी पैसे हवे आहेत, काही वस्तू हव्या आहेत आणि जाणत्या माणसांचा वेळही हवा आहे.

बहुतेक वृद्धाश्रमांत रोजची वही असते. कोण किती जेवले, कोणाचे बीपी किती, रात्री कोण पडले, हे त्यात लिहिले जाते. ड्यूटी बदलताना सही होते, पान उलटते आणि ते पुन्हा कोणी उघडत नाही. ही वही लिहिणाऱ्या मावशींनाच ती मागे जाऊन वाचता यावी, काय बिघडते आहे ते त्यांना दिसावे आणि त्याप्रमाणे कामात बदल करता यावा, यासाठी आमची धडपड आहे.

वजनाचेच घ्या. ‘आजी वाळल्यात’ हे मावशींना सगळ्यांच्या आधी दिसते, कारण आंघोळ त्या घालतात, सैल झालेल्या बांगड्या त्या बघतात. पण तपासायला आलेल्या डॉक्टरांच्या घाईत हे वाक्य ऐकले जात नाही. त्याच मावशींनी दर महिन्याचे वजन आलेखाच्या कागदावर मांडले आणि ५० किलोच्या आजी महिन्यात अडीच किलोंनी उतरल्याचे दाखवले, तर डॉक्टर थांबतातच. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के घट ही धोक्याची खूण मानतात. मग कवळी बसत नाही का, गिळताना ठसका लागतो का, नव्या गोळीने भूक मेली का, असा शोध सुरू होतो. ज्यांना काट्यावर उभेच करता येत नाही, त्यांच्या पोटरीचा घेर टेपने मोजता येतो. तो ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर पोषण कमी पडत असल्याची शंका घ्यायची.

बेडसोरचेही, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेचेही, तसेच. जखम झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा ती कोणाला होऊ शकते हे आधी ओळखता येते. त्यासाठी ब्रेडन यांची गुणपद्धत जगभर वापरतात: स्पर्श कळतो का, त्वचा किती ओली राहते, हालचाल किती, आहार किती, अशा सहा गोष्टींना गुण द्यायचे. बेरीज १८ किंवा त्याहून कमी आली की कूस बदलण्याचा तक्ता त्या खाटेशी लावायचा. हे मराठीत, चित्रांसह शिकवता येते.

पडण्याच्या नोंदींबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे. तीस जणांच्या आश्रमात महिन्यात चार जण पडले आणि पन्नास जणांच्या आश्रमात पाच, तर दुसरा आश्रम वाईट वाटतो. पण माणसे गुणिले दिवस असा हिशेब केला, तर पहिल्यात अशा हजार दिवसांमागे साधारण ४.४ आणि दुसऱ्यात ३.३ वेळा पडणे झाले. हा गुणाकार-भागाकार आम्ही शिकवणारच आहोत. त्याहून महत्त्वाची आहे पडण्याची वेळ आणि जागा. पहाटे संडासला जातानाच माणसे पडत असतील, तर तिथे दिवा आणि धरायला दांडी हवी, आणि झोपण्याआधी एकदा नेऊन आणायला हवे.

इथे एक मोठा धोका आहे. पडल्याची नोंद केली म्हणून मावशींचा पगार कापला, तर पुढच्या महिन्यात नोंदीच बंद होतील. आणि आकडा शून्यावर आणण्याचा हट्ट धरला, तर म्हाताऱ्या माणसांना खाटेवरून उठूच दिले जाणार नाही. म्हणून आमच्या दोन अटी आहेत: नोंदीवरून कोणालाही शिक्षा नाही, आणि पडण्यासोबत रोज कोण किती चालले हेही लिहायचे. हे लेखी मान्य करणाऱ्या आश्रमातच प्रशिक्षण होईल. भिंतीवरच्या तक्त्यावर कोणाचेही नाव नसेल.

कमी शिकलेल्या बायकांना हे जमेल का, असे काही जण विचारतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाचे वजन करायला, श्वास मोजायला, लिहून ठेवायला आणि त्यावरून उपचार करायला शिकवले. तिथले नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आपल्या अंगणवाडीताई वर्षानुवर्षे मुलांच्या वजनाचे आलेख काढत आहेत. मावशींनाही जमेल. त्यांना आजवर कोणी शिकवलेले नाही, एवढेच.

वर्ग वृद्धाश्रमातच होतील, दुपारी जेवणे उरकून सगळे आडवे झाल्यावर, महिन्यातून दोनदा, सहा महिने. त्या वेळात खाटांपाशी बदली माणूस लागेल आणि मावशींचा रोजही बुडता कामा नये. सगळ्यात जास्त खर्च याचाच आहे. त्याखेरीज बसून वजन करता येईल असे खुर्चीचे काटे, बीपीची यंत्रे, टेप आणि छापील तक्ते लागतील. जुना पण चालू काटा कोणाकडे असेल तर तोही चालेल.

मिरज हे दवाखान्यांचे गाव. वॉर्डात उमर घालवलेल्या निवृत्त सिस्टर, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ इथे आहेत. त्यांनी महिन्यातून एक दुपार द्यावी ही विनंती. आलेख सोपा करून शिकवणारे गणिताचे शिक्षकही हवे आहेत, आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी हात लावला तर फारच उत्तम. मुंबई-पुण्यात किंवा परदेशात असलेल्या ज्या मुलामुलींचे आई-वडील इथल्या आश्रमांत आहेत, त्यांनी एका आश्रमाचा सहा महिन्यांचा खर्च उचलण्याचा विचार जरूर करावा.

देणगी कितीही असली तरी पावती मिळेल आणि हिशेब संघाच्या वार्षिक सभेत मांडला जाईल. सहभागी होऊ इच्छिणाऱ्या वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापकांनी आणि मदत देणाऱ्यांनी संघाच्या कार्यालयात संध्याकाळी ५ ते ७ या वेळेत यावे. व्यवस्थापकांनी येताना शक्यतो आपली चालू वही सोबत आणावी.

आपला,
कार्यवाह, ज्येष्ठ नागरिक संघ