वैशू, दोन वर्षांच्या नर्सिंग डिग्रीबद्दल

प्रिय वैशू,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला आणि मग परत ऐकला, कारण शेवटी शेवटी तुझा आवाज एकदम पडला होता. तिकडे टेक्सासमध्ये दोन वर्षांची नर्सिंग डिग्री करू की नको हा तुझा प्रश्न, आणि मी स्वतः इथे न्यू जर्सीत नर्सिंग शिकतेय, म्हणून जे माहीत आहे ते सगळं सांगते. फोनवर आपलं बोलणं मुलांवर जातं, जेवणावर जातं आणि मुद्दा राहूनच जातो म्हणून लिहितेय, निवांत वाच.

सासूबाई म्हणाल्या बी.एस्सी. मायक्रो झालेल्या मुलीनं परत दोन वर्षांच्या कॉलेजात जायचं आणि तेही नर्स व्हायला, हे ऐकून मला त्यांचा राग नाही आला गं, हे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीपासून चालू आहे. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढलं आणि तिथून बायका ससूनला नर्सिंग शिकायला जायला लागल्या तेव्हाही लोक हेच बोलत होते की चांगल्या घरच्या बायकांनी परक्या माणसांची सेवा करायची का. त्यामुळे त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण तुझ्या मनात तेच बसलं असेल तर ते आधी काढ.

आणि "दोन वर्षांची म्हणजे हलकी" हे तर साफ चुकीचं आहे. असोसिएट डिग्री इन नर्सिंग, एडीएन म्हणतात, ती मुळात अमेरिकेत नर्सेसचा भयंकर तुटवडा होता म्हणून विचार करून बनवलेली गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मिल्ड्रेड मॉन्टॅग नावाच्या नर्सिंगच्या प्राध्यापिकेनं कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजात मांडलं की हॉस्पिटलात तीन तीन वर्षं मुलींना फुकटात राबवून शिकवण्याऐवजी कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, नीट अभ्यासक्रम करून दोन वर्षांत नर्स तयार करता येते, आणि १९५२ मध्ये थोड्याच कॉलेजांत प्रयोग सुरू झाला, तो इतका जमला की आज देशभर आहे. मुख्य गोष्ट ही की चार वर्षांचं बीएसएन, म्हणजे नर्सिंगची बॅचलर डिग्री, केलेली आणि दोन वर्षांचं एडीएन केलेली दोघी लायसन्सची एकच परीक्षा देतात, एनक्लेक्स-आरएन, पेपर वेगळा नाही की लायसन्स वेगळं नाही, दोघी आरएनच, म्हणजे रजिस्टर्ड नर्स. पेशंटला सलाईन लावताना कुणी विचारत नाही तुझी डिग्री किती वर्षांची.

आता खरं सांगते, "दोन वर्षं" हे फक्त नर्सिंगच्या मुख्य कोर्सचं आहे. त्याच्या आधी प्रीरिक्विझिट्स, म्हणजे प्रवेशाआधी पूर्ण करायचे विषय असतात, ॲनाटॉमी-फिजिओलॉजी एक आणि दोन, मायक्रोबायोलॉजी, इंग्लिश, सायकॉलॉजी, काही ठिकाणी स्टॅट्स, आणि ते धरून सगळं तीन वर्षांपर्यंत जातं, काहींना जास्तही लागतं. तुझी बी.एस्सी. इव्हॅल्युएट करून, म्हणजे इथल्या डिग्रीशी ताडून, घेतलीस तर इंग्लिश-सायकॉलॉजीसारखे विषय सुटू शकतात, पण सायन्सचे विषय पाच-सात वर्षांपेक्षा जुने असले तर बरीच कॉलेजं ते धरतच नाहीत, त्यामुळे आपलं मायक्रो कितीही पक्कं असलं तरी परत पेट्री डिश घेऊन बसायची तयारी ठेव. मला तर मजा आली. कोल्हापूरच्या लॅबमध्ये ग्रॅम स्टेन करताना आपण बोटं जांभळी करून घ्यायचो ना, तो हात अजून विसरलेला नाही.

मग एंट्रन्स, टीज किंवा हेसी, कॉलेजप्रमाणे. सीट कमी आणि अर्ज खूप असतात म्हणून प्रीरिक्विझिट्समध्ये ए काढायचाच असं धरून चाल.

पैशाचं तू विचारलंस. कम्युनिटी कॉलेजची फी देशभरात सरासरी वर्षाला चार हजार डॉलरच्या आसपास आहे, आणि तुमच्याकडे टेक्सासमध्ये इन-डिस्ट्रिक्ट वेगळा, अजून कमी दर असतो, कॉलिन कौंटीत राहणाऱ्यांना कॉलिन कॉलेज त्या दरात पडतं. वर युनिफॉर्म, पुस्तकं, स्टेथोस्कोप, परीक्षांच्या फिया आहेतच. फॅफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, भर, पण पेल ग्रँट या सरकारी अनुदानावर भिस्त ठेवू नकोस, ती ज्यांची आधी बॅचलर डिग्री झालीय त्यांना साधारणपणे मिळत नाही आणि भारतातली डिग्रीही त्यात धरली जाते. फेडरल लोन मात्र ग्रीन कार्डवर मिळू शकतं. तुझ्या नवऱ्यानं पाठवलेली एबीएसएनची लिंक पाहिली, ते आधीच दुसऱ्या विषयात बॅचलर झालेल्यांसाठीचं झटपट बीएसएन असतं, साधारण बारा ते सोळा महिन्यांत उरकतं, पण खाजगी युनिव्हर्सिटीत त्याचा खर्च कितीतरी पट होतो आणि तेवढ्या वेळात घर सांभाळून ते करणं मला तरी अवघड वाटतं. तुझं तू ठरव.

एक गोष्ट मात्र हक्कानं सांगते. गुळगुळीत जाहिराती करणाऱ्या, "वेटिंग नाही, एंट्रन्स नाही" म्हणणाऱ्या शाळांपासून लांब राहा. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या तीन शाळांनी ७,६०० च्या वर खोटे नर्सिंग डिप्लोमे विकल्याचं प्रकरण बाहेर आलं. म्हणून स्टेट बोर्ड ऑफ नर्सिंगच्या साइटवर जाऊन ती शाळा मान्यताप्राप्त आहे का आणि एनक्लेक्सला तिची किती मुलं पहिल्या झटक्यात पास होतात हे बघ, ते आकडे सगळ्यांना बघायला खुले असतात.

कागदपत्रांत एक खास आपल्या लोकांची अडचण येते. क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रत्यक्ष शिक्षण, सुरू व्हायच्या आधी टीबीची टेस्ट मागतात आणि आपल्याला लहानपणी बीसीजी दिलेलं असतं, त्यामुळे हातावरची स्किन टेस्ट टीबी नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रे काढा, चिठ्ठ्या आणा हे सुरू होतं. तू आधीच सांग की बीसीजी झालंय, त्याऐवजी टीबीची रक्ताची टेस्ट, क्वांटिफेरॉन, करा. बाकी सगळ्या लसींचे टायटर (लसीचा असर अंगात आहे का ते बघणारी रक्ताची टेस्ट), बॅकग्राउंड चेक, ड्रग टेस्ट, सीपीआर हे सगळ्यांनाच असतं.

अभ्यास कसा असतो ते सांगू? पाठांतरावर निघत नाही. प्रश्न असे येतात की चारही उत्तरं बरोबरच असतात आणि विचारलेलं असतं की आधी काय कराल, कुठल्या पेशंटकडे आधी जाल. "लागू असतील ती सगळी निवडा" वाल्या प्रश्नांनी तर वर्गात भलेभले रडवलेत. पासिंग ७५ च्या वर, आणि औषधाच्या डोसच्या गणिताची वेगळी टेस्ट, त्यात ९० टक्के किंवा त्याहून जास्त लागतात कारण तिथे दशांश चिन्ह चुकलं तर माणूस जाऊ शकतो. पहाटे अंधारात उठून क्लिनिकलला जायचं, पावणेसातला आधीच्या पाळीच्या नर्सकडून पेशंटचा रिपोर्ट घ्यायचा, दिवसभर उभं, घरी येऊन केअर प्लॅन लिहायचा. मेड-सर्ज (मोठ्यांचे आजार आणि ऑपरेशनं), मॅटर्निटी, पीडियाट्रिक्स, सायक सगळीकडे फिरवतात.

आणि वैशू, हे सगळं मी का करतेय ते एका आजींमुळे मला नीट समजलं. आमच्या इथे न्यू जर्सीत हॉस्पिटलात आपली माणसं बरीच येतात. या आजींचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, मराठीशिवाय काही येत नव्हतं. नर्सनं इंटरप्रिटरच्या फोनवरून शून्य ते दहामध्ये दुखणं किती विचारलं तर म्हणाल्या दोन. मी बघत होते, गादीची कड घट्ट धरलेली, कपाळाला घाम, पाय हलवायला तयार नाहीत. आपल्या आज्या कधी म्हणतात का गं दुखतंय म्हणून, त्यांच्या भाषेत "थोडंसं" म्हणजे किती ते आपल्यालाच कळतं. मी विद्यार्थिनी, हॉस्पिटलची इंटरप्रिटर नाही, त्यामुळे औषधांचं बोलणं त्या फोनवरूनच व्हायला हवं होतं आणि तसंच झालं, पण मी जे बघितलं ते नर्सला सांगितलं, तिनं इंटरप्रिटरकडून परत नीट विचारून घेतलं, औषध मिळालं आणि दुपारी आजी फिजिओथेरपिस्टबरोबर दारापर्यंत चालल्या. हे काम हलकं आहे असं कुणी म्हटलं तर मला आता त्रास सुद्धा होत नाही.

पुढचंही माहीत असू दे. मोठ्या शहरांतली बरीच हॉस्पिटलं बीएसएनवाल्यांना आधी घेतात, न्यूयॉर्कमध्ये तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे नव्या आरएनना दहा वर्षांत बीएसएन पूर्ण करावंच लागतं. पण ते नोकरी करता करता ऑनलाइन होतं आणि कित्येक हॉस्पिटलं फीचा काही भाग देतात. पगाराचं म्हणशील तर आरएनचा देशातला मध्यक वार्षिक पगार २०२३ मध्ये ८६ हजार डॉलर होता, म्हणजे यातले निम्मे त्याहून जास्त कमावतात.

आणि रात्रपाळी, उलट्या, रक्त हे नकोच वाटलं तर तेच कॉलेज रेस्पिरेटरी थेरपी, एक्स-रेची रेडिओग्राफी किंवा डेंटल हायजीन शिकवतंय का ते बघ, तीही असोसिएट डिग्रीवरच होतात आणि डेंटल हायजीनिस्टला बहुतेक ठिकाणी रात्रपाळी नसते. मात्र त्याच्याही सीट मोजक्याच असतात हं.

तू आधी ट्रान्सक्रिप्ट्स मागवून घे, युनिव्हर्सिटीला वेळ लागतो, दादाला कोल्हापुरात चक्कर मारायला सांग. मग कॉलेजच्या नर्सिंग ॲडव्हायजरची अपॉइंटमेंट घे आणि एकच विषय, ॲनाटॉमी एक, फॉलला घेऊन बघ. माझं जुनं पुस्तक आणि हाडांचे कार्ड मी पार्सल करतेय, पत्ता तोच आहे ना ते कळव. रविवारी तुझ्या सकाळी दहाला फोन करते, चहा घेऊन बस.

तुझीच,
मंजू