सायलेन्सर उजवीकडे असतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला फटफट्यांवरचा अग्रलेख वाचला. जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवला म्हणून आपण पोलिसांची पाठ थोपटलीत, त्याला माझी ना नाही. कॉलेज रोडला रात्री जे बार उडतात ते आमच्याही कानांनी ऐकलेत. त्या नळ्या चिरडल्याने कुणाच्या घरची चूल बंद पडणार नाही. पण एवढ्यावर न थांबता ‘मूळ रूप बदललेली प्रत्येक दुचाकी रस्त्यावरून उचला’ अशी मागणी आपण केलीत, आणि शेजारी फोटो छापलात तो चक्क शोरूममधून निघते तशा रॉयल एनफिल्ड हिमालयनचा. मागे सामानाच्या दोन पेट्या लावलेल्या, बस. खाली ओळ काय, तर ‘मॉडिफाय केलेली बुलेट’! ज्यांना कंपनीची गाडी कुठली आणि बदललेली कुठली हे कळत नाही, त्यांनी गाड्या उचलायला सांगायचं, हे जरा अतीच झालं.

अग्रलेखात जागोजागी ‘टवाळखोर तरुण’ आहेत. माझं वय छप्पन्न. सातपूरला टूलरूममध्ये टर्नर आहे. तरुण म्हटल्याबद्दल आभार.

माझ्याकडे 2012 सालची हिरोची इम्पल्स आहे. हिरो आणि होंडा वेगळे झाल्यावर 2011 मध्ये आलेली, दीडशे सीसीची, एका सिलिंडरची गाडी. डांबरावरही चालावी आणि डोंगरातही, अशी. तेव्हा लोकांनी नाक मुरडलं, कंपनीने ती बंद केली. मग 2019 मध्ये हिरोचीच, त्याच धर्तीची एक्सपल्स आली आणि त्याच लोकांना जुन्या इम्पल्सची आठवण झाली. मला ती दिंडोरीकडच्या एका बागायतदाराच्या शेडमध्ये मिळाली. द्राक्षबागेत फवारणीचे कॅन वाहायला ठेवलेली. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो अंगावर सांडून लोखंडाचं काय होतं ते ज्यांनी बाग केली त्यांना सांगायला नको. स्पोक सडलेले, नटबोल्ट हिरवे पडून जागेवर धरलेले, स्विंगआर्मचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा, बोल्ट तर हातोड्यालाही दाद देईना. शेवटी गरम करून, डिझेल सोडून, रात्रभर ठेवून काढला. त्याचे बुश मी स्वतः फॉस्फर ब्राँझचे काढले, अगदी सरकफिट. हँडलच्या मानेतला कोनसेट नवा, मागचा मोनोशॉक (एकच शॉकअ‍ॅब्सॉर्बर) उघडून भरून घेतला, दोन्ही रिमांचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढला.

इंजिनाची चिंता नव्हती. ते हिरोच्याच हंक आणि सीबीझी एक्स्ट्रीम या गाड्यांच्या घराण्यातलं. पिस्टन, रिंगा, टायमिंग चेन, क्लच प्लेटा शिंगाडा तलावाच्या दुकानांत मागाल तेव्हा मिळतात. अडलं ते प्लास्टिकवर. टाकीच्या बाजूचे पंख तडकलेले, हेडलाइटच्या भोवतीचं तोंड फुटलेलं, साइड पॅनेलचा पत्ताच नाही. नाशिकला नाही, मुंबईलाही नाही. एकाने जुनं तोंड दाखवलं आणि जी किंमत सांगितली त्यात माझ्या इंजिनाचं सगळं काम झालं असतं. तेव्हा मूळ रूप ठेवा म्हणणाऱ्यांनी मूळ रूप कुठल्या दुकानात मिळतं तेही छापावं.

म्हणून मी गोल हेडलाइट लावला, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठोकून साइड पॅनेल केली, हँडल थोडं रुंद घेतलं, सीट रेक्झिनवाल्याकडून सपाट करून घेतली. लोक बघतात, कुठली परदेशी गाडी म्हणून विचारतात. मला बरं वाटतं. का वाटू नये?

आणि काय केलं नाही, तेही लिहितो, कारण आपल्या लेखात यातलं काहीच नाही. हल्ली अशी गाडी करायची म्हटलं की पोरं पहिल्यांदा ग्राइंडर घेऊन सीटखालची फ्रेम कापतात, मागचा भाग आखूड दिसावा म्हणून. मी फ्रेमला हात लावला नाही. नोंदणीपत्रावर दोन माणसांची गाडी लिहिली आहे, म्हणून सीट दोघांची. मागे बसणाऱ्याला धरायला दांडा, पाय ठेवायला पायदान आणि मागचं निम्मं चाक झाकणारा साडीगार्ड नियमातच आहे, म्हणून तो साडीगार्ड कितीही बेढब दिसला तरी जागेवर. टायर कंपनीच्या मापाचेच, पुढे एकोणीस, मागे सतरा. रंगसुद्धा लालच, कारण कागदावर लाल आहे. मला खरं तर राखाडी हवा होता. सायलेन्सर कंपनीचा, गंजला होता तिथे टाका मारून काळा रंग दिला, आतल्या नळीला स्पर्श नाही.

एवढं करून काय झालं? गेल्या महिन्यात आम्ही उभयता त्र्यंबक रोडने एका साखरपुड्याला निघालो होतो. एका चौकात शिट्टी वाजली. हवालदारसाहेब तरुण होते, बोलायला नम्र होते, पण ‘काका, ही कंपनीची गाडी नाही’ यापुढे त्यांचं म्हणणं जाईना. लायसन्स दाखवलं, आरसी, पीयूसी, विमा दाखवला. ‘आवाज ऐका’ म्हणून इंजिन चालू करून दाखवलं, तर पलीकडून बस गेली, तिच्यात आमचा आवाजच ऐकू आला नाही! म्हणजे माझाच मुद्दा सिद्ध झाला. ते म्हणाले, ‘वरून आदेश आहेत.’ मोबाइलमध्ये फोटो काढला आणि जा म्हणाले. सौभाग्यवती सबंध रस्ताभर काही बोलल्या नाहीत, ते दंडापेक्षा महाग पडलं.

संध्याकाळी चलन आलं. कारण: सायलेन्सरमध्ये बदल. उघडून फोटो पाहिला. संपादक महोदय, फोटो गाडीच्या डाव्या बाजूने काढलेला आहे. इम्पल्सचा सायलेन्सर उजव्या बाजूला असतो. फोटोत साखळी आहे, साइड स्टँड आहे, माझी चप्पल आहे, सौ.च्या पैठणीचा काठ आहे. सायलेन्सर नाही. जो फोटोत दिसतच नाही त्यात बदल केल्याचा पुरावा म्हणून तो फोटो! मी रीतसर ऑनलाइन तक्रार केली, उजव्या बाजूचे फोटो जोडले, सायलेन्सरवरचा कंपनीचा छापा जवळून दाखवला. उत्तर आलं, ‘फोटोवरून वाहनात बदल स्पष्ट दिसतो, तक्रार निकाली.’ कुठल्या फोटोवरून? डाव्या की उजव्या? हे विचारायला उत्तराखाली जागा नव्हती.

रक्कम भरून टाकली असती तर विषय संपला असता, असं शेजारी म्हणतात. मी भरलेली नाही.

आपण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा हवाला दिलात. चांगलं केलंत. ते पूर्ण वाचलंत का? नोंदणीपत्रातला तपशील आणि कंपनीने ठरवलेला तपशील यांत तफावत येईल असा बदल करू नका, असं ते म्हणतं. सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये हेच ठासून सांगितलं. पण त्याच कलमाखाली स्पष्टीकरण आहे, की बदल म्हणजे गाडीच्या रचनेतला असा फरक ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्यच बदलतं. गोल दिव्याने इम्पल्सची रचना बदलते का, हे मला आरटीओतल्या जाणकाराने एकदा समजावून सांगावं, मी सुट्टी काढून येतो. दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, असं 2019 च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे. एवढी शिक्षा असेल तर निदान गाडीच्या दोन्ही बाजू बघायला काय हरकत आहे? आवाजाचंही तसंच. 80 ते 175 सीसीच्या मोटारसायकलला कारखान्यातून बाहेर पडतानाची मर्यादा 77 डेसिबल आहे. आवाज मोजायचं यंत्र चौकात आणा, मी स्वतः गाडी समोर उभी करतो. नुसत्या नजरेने आवाज मोजायची विद्या आमच्या टूलरूममध्ये अजून आलेली नाही.

जाता जाता, अशी उंच गाडी हवीच कशाला, असाही टोमणा आपल्या लेखात आहे. 245 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची, मी हौसेने घेतला नाही. सिंहस्थाच्या नावाने शहर उकरून ठेवलं आहे, अंबडहून सातपूरला जाताना कुठे खडी, कुठे चर, कुठे नुसताच बॅरिकेड. स्कूटरवाले रोज आडवे होतात. त्या कंत्राटदारांवर रोडरोलर फिरवा असं मी म्हणत नाही, पण तोच रोडरोलर जरा त्या खडीवर फिरवला तर बरं होईल. सायलेन्सर दबतात तर खडीही दबेल.

2027 मध्ये गाडीला पंधरा वर्षं होतील. पुनर्नोंदणीला मी ती आहे तशीच घेऊन जाणार आहे, लाल रंगात, साडीगार्डसकट. तोवर त्या हिमालयनच्या मालकाची माफी छापून टाका. बिचाऱ्याने पेट्याच लावल्या होत्या.

आपला,
एक टर्नर, सिडको, नाशिक
(नाव छापू नये, चलन अजून बाकी आहे.)

ता. क. : मागे घंटागाडीवरचं माझं पत्र छापताना मधला परिच्छेद आपण गाळलात, आणि मी घंटागाडीचं कौतुक करतोय असा कॉलनीत समज झाला. या वेळी जागा कमी पडली तर कायद्याची कलमं गाळा, फोटोचा भाग राहू द्या. आणि घंटागाडी अजूनही सगळे कामावर गेल्यावरच येते.