संवेदकांचे रिले नोड भर पावसात पारखून निवडावेत

महोदय,

माळीण (२०१४), तळिये (२०२१) आणि इर्शाळवाडी (२०२३) येथील दुर्घटनांनंतर दरडप्रवण गावांत पूर्वसूचना यंत्रणेची मागणी होत आहे आणि ती सर्वस्वी रास्त आहे. केरळात मुन्नार येथे अमृता विद्यापीठाने बिनतारी संवेदकांची अशी यंत्रणा उभारूनही दाखवली आहे. मात्र डोंगरउतारावरील संवेदकाने जमिनीतील पाण्याचा दाब अचूक मोजला, तरी तो आकडा पायथ्याच्या केंद्रापर्यंत कोणत्या रिले नोडमार्फत, म्हणजे संदेश झेलून पुढे पाठवणाऱ्या मधल्या उपकरणामार्फत, पोहोचवायचा, या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही.

कमीत कमी टप्प्यांचा मार्ग उत्तम, असे सहज वाटते. परंतु टप्पे कमी केले की प्रत्येक टप्पा लांबतो आणि लांब दुवा (दोन उपकरणांमधला बिनतारी संपर्क) सहसा कमकुवत असतो. थेट दुव्यावर शंभरातील चाळीसच संदेश पोहोचत असतील, तर एका संदेशासाठी सरासरी अडीच वेळा प्रक्षेपण करावे लागते; याउलट मध्ये एक नोड घेतला आणि दोन्ही दुवे नव्वद टक्के भरवशाचे निघाले, तर दोन्ही टप्पे मिळून सुमारे २.२२ प्रक्षेपणांत काम भागते. संदेश मिळाल्याची पोच परत येतानाची गळतीही धरून हा हिशेब एमआयटीच्या संशोधकांनी २००३ मध्ये मांडला होता.

पण हे नव्वद टक्के मोजले कधी, यावर सारे अवलंबून आहे. ८६५ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात पावसाच्या धारांचा अडथळा नगण्य असतो, ओल्या पानांचा मात्र मोठा असतो. मे महिन्यात कारवीच्या उघड्या काड्यांमधून विनासायास जाणारा संदेश जुलैत त्याच कारवीच्या ओल्याचिंब पानांत अडकतो. त्यातच केंद्राजवळचे नोड सर्वांचे संदेश वाहतात, त्यामुळे त्यांची बॅटरी आधी उतरते, आणि ढगाळ आठवड्यात सौर पॅनेल ती भरून काढू शकत नाही. म्हणून निवडीत उरलेल्या ऊर्जेलाही स्थान हवे, मात्र दुव्याच्या भरवशानंतरच.

पर्यायी नोड कुठे आहे, हा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. मुख्य आणि पर्यायी नोड एकाच घळीत असतील, तर पहिलीच दरड दोघांनाही ओढून नेईल आणि नेमक्या त्या क्षणी केंद्र मुके होईल.

तेव्हा अशा यंत्रणांच्या निविदांत दुव्यांची चाचणी जुलै-ऑगस्टमध्येच घेण्याची, तसेच प्रत्येक संवेदकाला डोंगराच्या वेगवेगळ्या सोंडांवरील किमान दोन रिले नोड देण्याची अट शासनाने घालावी आणि चाचणीचे आकडे संबंधित ग्रामपंचायतीकडे द्यावेत, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त दूरसंचार अभियंता, पुणे