घड्याळ पुढे गेलं, झोप मागे राहिली

एडिसन, न्यू जर्सी
१२ मार्च २०२५

प्रिय दिन्या,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी हायवेवर होतो, म्हणून उचलला नाही. तू बरोबर नेहमीच्या वेळेला, तुमच्या संध्याकाळी साडेसातलाच केला होतास. पण आदल्या रात्री इथल्या सरकारने आमची घड्याळं तासभर पुढे ढकलली (दर मार्चात तासभर पुढे, ती उन्हाळ्याची वेळ; नोव्हेंबरात परत मागे, ती हिवाळ्याची), त्यामुळे इथे नऊऐवजी दहा वाजले होते आणि मी पोरीला मराठी शाळेत सोडायला निघालो होतो. आता नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेसहाला करत जा. आईलाही हेच समजावलं, तर म्हणते, "घड्याळ तुम्ही बदललंत, मग माझी मालिका मी का बुडवायची?" आहे काही उत्तर?

तुला वाटेल, एका तासाचं काय एवढं घेऊन बसलाय. मलाही इथे आलो तेव्हा गंमतच वाटली होती. रात्री दोन वाजायच्या ऐवजी थेट तीन वाजतात, फोन आपला आपण बदलतो, फक्त मायक्रोवेव्हची बटणं दाबत बसावं लागतं. (गाडीतल्या घड्याळाला आम्ही हातच लावत नाही. नोव्हेंबरात ते आपोआप बरोबर होतं.) पण घरात शाळेत जाणारं पोर आलं की गंमत संपते.

शनिवारी सूर्य सव्वासहाला उगवला, रविवारी सव्वासातला. पोरीची बस सातला येते. म्हणजे गेल्याच आठवड्यात ती चांगल्या उजेडात बसमध्ये चढत होती आणि या सोमवारी आम्ही दोघं कोपऱ्यावर झुंजुमुंजूत कुडकुडत उभे. जॅकेटची चेन लावायचंही तिला भान नव्हतं, मीच लावली, आणि ती तशीच माझ्या पोटावर डोकं टेकून डुलक्या घेत राहिली. बरं, सकाळी उठत नाही म्हणून रात्री लवकर झोपवावं, तर साडेआठला टक्क जागी. तिच्या शरीराच्या हिशोबाने साडेसातच वाजलेले असतात ना! आपल्या आतलं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं, आणि नेमका तोच उजेड हे लोक काढून घेतात. मग आठवडाभर घरात चिडचिड, ऑफिसात जांभया. झोपेच्या डॉक्टरांची इथली मोठी संघटनासुद्धा म्हणते की हा प्रकार बंद करा आणि वर्षभर हिवाळ्याचीच वेळ ठेवा.

इथे कुणालाही विचार, "शेतकऱ्यांसाठी सुरू केलं" असं ठोकून देतात. साफ खोटं. गाय काय घड्याळ बघून पान्हा सोडते? उलट शेतकऱ्यांनीच बोंब मारली म्हणून १९१९ साली अमेरिकेच्या काँग्रेसने, राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार झुगारून, हा कायदा रद्द केला होता. मूळ खटपट केली ती लंडनच्या विल्यम विलेट नावाच्या बिल्डरने, १९०७ साली. सकाळी घोड्यावरून रपेट मारताना, सूर्य वर आला तरी लोकांच्या खिडक्या बंद दिसायच्या, त्याचा त्याला संताप यायचा. म्हणजे लोक सुखाने झोपलेत हेच याचं दुखणं! पण एक मान्य करायला हवं, त्याची योजना एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटं घड्याळ पुढे करायची होती. एका रात्रीत तास हिसकावण्यापेक्षा ते बरं. बिचारा १९१५ साली गेला आणि पुढच्याच वर्षी, युद्धात कोळसा वाचवायला म्हणून, आधी जर्मनीने आणि लगोलग ब्रिटनने घड्याळं पुढे केली.

नको तर कितीतरी जणांना आहे, पण सुटका होत नाही, कारण मग वर्षभर कोणती वेळ ठेवायची यावर एकमत होत नाही. आमच्या घरातच बघ ना. स्वातीला उन्हाळ्याची वेळ हवी. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर उजेड असला की तिला पार्कात चालता येतं, आणि जूनमध्ये पहाटे साडेचारला सूर्य उगवून कुणाचं भलं होणार, हा तिचा सवाल. मी म्हणतो, मग जानेवारीत इथे सव्वाआठपर्यंत अंधार राहील त्याचं काय? हे करूनही झालंय. १९७४ च्या जानेवारीत, तेलटंचाईच्या दिवसांत, निक्सनच्या काळात वर्षभर उन्हाळ्याची वेळ ठेवायचं ठरलं. पोरं काळोखात शाळेला जायला लागली, आईबाप खवळले आणि वर्ष संपायच्या आत निर्णय फिरला. तरीही २०२२ मध्ये सिनेटने पुन्हा त्याच वेळेचं विधेयक एकमताने मंजूर केलं. पुढच्या सभागृहात ते अडकलं, आणि मला मनातून बरंच वाटलं. स्वातीसमोर बोललो नाही एवढंच. खरे शहाणे ॲरिझोना आणि हवाईवाले, घड्याळाला हातच लावत नाहीत.

आणि तू दात काढू नकोस. तुमच्या मुंबईनेही घड्याळापायी कमी तमाशे केलेले नाहीत. १९०६ मध्ये सगळ्या देशाला एक वेळ लागू झाली, तरी मुंबईत एकोणचाळीस मिनिटं मागे चालणारी स्वतःची वेळ पुढे कित्येक वर्षं सुरूच होती. दुसऱ्या महायुद्धात तर इंग्रजांनी १९४२ ते ४५ हिंदुस्थानची घड्याळंही तासभर पुढे नेली होती. म्हणजे गिरगावात तेव्हा मुंबईची वेळ, सरकारी वेळ आणि वर युद्धाची वेळ, असा सगळा काला असणार. तुझी आजी त्या वेळी नऊ-दहा वर्षांची असेल ना? तिची शाळा कोणत्या वेळेवर भरायची, आणि घरात कुणी कुरकुर केली होती का, एवढं तिला विचारून सविस्तर कळव. तिची दुपारची झोप मोडून मात्र विचारू नकोस.

तुझा,
अव्या