आवाज थोडा कमी केलात तर आम्हालाही बसता येईल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या शहर पुरवणीत आमच्या इथल्या कॉलेजच्या मुलांनी ऑटिझमसाठी (म्हणजे स्वमग्नतेसाठी) केलेल्या चॅरिटी कॉन्सर्टची बातमी आली, फोटोसकट, हाऊसफुल्ल वगैरे. वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. २ एप्रिलला जागतिक ऑटिझम जागरूकता दिवस २००८ पासून पाळतात, पण आपल्याकडे तो बहुतेक वेळा निळा टीशर्ट घालून सेल्फी काढण्यात उरकतो, त्यामानाने ही पोरं परीक्षा तोंडावर असताना तिकिटं विकत फिरली, स्पॉन्सर आणले, जमलेले पैसे एका स्पेशल स्कूलला दिले आणि खर्चाचा हिशोब कॉलेजच्या बोर्डावर लावला. भली भली मंडळं हे करत नाहीत हो. मी त्या कॉन्सर्टला माझ्या मुलाला घेऊन गेले होते आणि बातमीत जे आलं नाही ते सांगावंसं वाटलं. तक्रार समजू नका, पुढच्या वर्षी परत करा म्हणूनच लिहितेय.

माझा मुलगा सोळा वर्षांचा, ऑटिस्टिक. बोलतो मोजकंच पण गाणी दिवसभर चालू, जुन्या गाण्याचं नुसतं सुरुवातीचं म्युझिक वाजलं की गाणं ओळखतो. आणि हाच मुलगा मिक्सरच्या आवाजाने घर डोक्यावर घेतो, त्यामुळे आमच्याकडे चटणी वाटायच्या आधी "मिक्सर लावतेय रेऽऽ" अशी आरोळी द्यायची पद्धत आहे, मग तो शहाण्यासारखा गॅलरीत जाऊन उभा राहतो आणि चटणी झाली की आत येतो. आवाज चालतो त्याला, पण आधी कळलं पाहिजे आणि बाजूला व्हायला जागा पाहिजे, एवढंच.

आता हॉलमध्ये काय झालं बघा. "स्पेशल मुलांचे पालक" म्हणून आम्हाला मानाने दुसऱ्या रांगेत बसवलं, बरोबर स्पीकरच्या थप्पीसमोर! पोरांचा हेतू चांगलाच होता पण पहिलाच आयटम फ्यूजन, त्यात ड्रमसेट, वर ते डोळ्यांवर चमचम मारणारे लाइट आणि धूर. ऑटिझममध्ये बऱ्याच जणांचे कान-डोळे अगदी ठणठणीत असतात पण मेंदूला आवाज गाळून घेता येत नाही, म्हणजे आपण पंख्याची घरघर, मागच्यांची कुजबुज सोडून देतो आणि गाणं तेवढं ऐकतो, त्यांच्या अंगावर सगळं एकदमच येतं. सगळ्यांचं असंच असतं असं नाही, आमच्या ग्रुपमधली एक मुलगी उलट स्पीकरला कान लावून बसते. माझ्या लेकाने मात्र दोन्ही कानांत बोटं घातली आणि मोठ्याने हूंऽऽ करायला लागला, कारण स्वतःचा आवाज त्याला बाहेरच्या आवाजापेक्षा बरा वाटतो. मागच्या बाई, ज्यांनी दहाच मिनिटांपूर्वी प्रमुख पाहुण्यांच्या "या मुलांना समजून घ्या" वर कडकडून टाळ्या वाजवल्या होत्या, त्या वाकून म्हणाल्या, "अहो त्याला जरा गप्प करा ना." काय बोलणार! उठलो आणि बाहेर आलो. आमच्यासारखी अजून दोन कुटुंबं पॅसेजमध्ये आधीच उभी होती.

तिथे एक व्हॉलंटियर मुलगी आली. काय झालं, का झालं काही विचारलं नाही, मेकअप रूम रिकामी होती ती उघडून दिली, फडफडणारी ट्यूबलाइट बंद केली, आणि मग आत साउंडवाल्याकडे जाऊन आली आणि प्रोग्रॅमच्या कागदावर पेनने खुणा करून दिल्या, ज्या गाण्यांना ड्रम आहे तिथे फुली, बासरी किंवा नुसती गिटार आहे तिथे बरोबरची खूण. "काकू, बरोबरवाल्याला आत या, मी शेवटच्या रांगेत दाराजवळ तीन खुर्च्या धरून ठेवते." आणि आम्ही खरंच तसे आत-बाहेर करत चार गाणी ऐकली, बासरीला तर तो हातावर ताल धरून बसला होता. माझ्या मते अख्ख्या संध्याकाळचा खरा अवेअरनेस त्या कागदावर होता, पाहुण्यांच्या भाषणात नाही.

माझं म्हणणं एवढंच की हीच गोष्ट आधीपासून ठरवून करा. बाहेरच्या देशांत याला रिलॅक्स्ड शो म्हणतात, न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर २०११ पासून असे खास प्रयोग लागतात, हॉलमधले दिवे पूर्ण बंद करत नाहीत, आवाज खाली ठेवतात, डोळ्यांवर येणारे लाइट काढतात, मधेच उठून जाता येतं आणि कोणी वळून बघत नाही. यातलं एकही काम महागडं नाही, उलट धुराच्या मशीनचं भाडं वाचेल. पूर्ण कॉन्सर्ट तसा नको असेल तर पहिला तास तसा ठेवा, मग नंतर काय ते ड्रम बडवा, आम्ही घरी गेलेलो असू.

एक जरा टोचणारी गोष्ट, पण लिहितेच. एका ऑटिस्टिक मुलाने कीबोर्ड वाजवला, सुंदर वाजवला. बाकी सगळ्यांची ओळख नाव आणि वाद्य अशी झाली, त्याची ओळख आजाराचा इतिहास सांगावा तशी, "एवढं सगळं असूनही" वगैरे, मागे करुण म्युझिक. अरे त्याला बँडमध्ये घ्या ना सरळ, तो तुमच्या त्या गिटारवाल्यापेक्षा सुरात होता! शिवाय आइनस्टाइनला ऑटिझम होता अशी स्लाइड लावली होती, कोणी तपासलं होतं म्हणे त्याला? आमची मुलं आइनस्टाइन नसली तरी तुमच्या कॉन्सर्टला यायला चालली पाहिजेत की नाही. आणि स्पॉन्सर घेताना बघून घ्या. स्टेम सेलने ऑटिझम बरा करतो म्हणणारे जाहिरातीला पैसे द्यायला एका पायावर तयार असतात, डॉक्टरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्येच सांगितलंय की ऑटिझमसाठी ही ट्रीटमेंट देऊ नये, पण घाबरलेले आईबाप त्यात लाखो रुपये घालवून बसतात.

पैशांचं म्हणाल तर शाळेला दिले ते उत्तमच. पण पोरांकडे पैशापेक्षा भारी एक गोष्ट आहे ती म्हणजे त्यांना ऑनलाइन फॉर्म भरता येतात, हसू नका, खरंच सांगतेय. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात ऑटिझम नव्हताच, २०१६ च्या नव्या कायद्यात एकवीस प्रकारांत तो आला, म्हणजे सर्टिफिकेट मिळतं, यूडीआयडी कार्ड म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र मिळतं, अपंगत्व ४० टक्के किंवा वर असेल तर अठरा वर्षांपर्यंत फुकट शिक्षणाचा हक्क आहे. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा निरामय हेल्थ इन्शुरन्स वर्षाला १ लाखापर्यंतचा आहे, त्यात थेरपीचे पैसेही काही मर्यादेत मिळतात. आता स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं जमावीत म्हणूनची) आठवड्यातून दोन-दोनदा म्हटलं की रिक्षावाल्या बापाचं काय होत असेल विचार करा, आणि त्याच बापाला निरामय हे नावही माहीत नसतं. माहीत असलं तर फॉर्म अडतो, आधारवरचं नाव वेगळं, फोटोची साइझ मोठी, ओटीपी गावाकडच्या नंबरवर. या मुलांनी हॉलबाहेर वडापावच्या स्टॉलशेजारी एक टेबल टाकून दोन लॅपटॉप घेऊन बसावं, येईल त्याचा अर्ज तिथल्या तिथे भरून द्यावा, पावती प्रिंट करून हातात. आणि ज्यांचा मुलगा-मुलगी अठराच्या आसपास आहे त्यांना लीगल गार्डियनशिपचा, म्हणजे कायदेशीर पालकत्वाचा, अर्ज करायचा असतो हे नुसतं कानावर घाला, तो जिल्ह्याच्या लोकल लेव्हल कमिटीकडे करायचा असतो, मलाही आता तेच बघायचंय.

आमचा पालकांचा एक छोटा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यातले काही जण मुलांना घेऊन पुढच्या वर्षी साउंड चेकला येऊन बसायला तयार आहेत, म्हणजे कुठे आवाज खटकतो, कुठला लाइट नको ते तिथेच कळेल आणि साउंडवाल्यालाही नीट सांगता येईल. कॉलेजच्या मुलांनी तारीख ठरली की तुमच्या पेपरमधून आधी कळवावं, साउंड चेकची वेळ मात्र दुपारी चारनंतरची ठेवा, त्याआधी आमच्या बऱ्याच जणांच्या शाळा आणि थेरपी असतात.

आपली,
एक वाचक आणि आई, पुणे